देवाचं भय आणि देवापुढचं धैर्य : एकाच पत्रात दोन्ही कसं?

नगरी_पायवाट

नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायाचा शेवट बघा (४:१६) : आपण धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ. त्याच पत्राच्या दहाव्या अध्यायात (१०:३१) : जिवंत देवाच्या हाती सापडणे हे भयंकर आहे. लिहिणारा एकच, ऐकणारी मंडळीही एकच.

आमच्या बायबल अभ्यासात यावरून दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, भय जुन्या करारातलं, प्रीती नव्या करारातली. क्रूसानंतर घाबरायचं कारणच उरलं नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हल्ली मंडळीत देवाचा धाक राहिला नाही, म्हणून सगळं ढासळलंय.

मला दोन्ही पटत नाही. जुन्या करारातला अब्राहाम सदोमासाठी देवाशी चक्क घासाघीस करतो. पन्नास नीतिमानांपासून सुरू करून दहावर आणतो आणि मधेच म्हणतो, मी तर केवळ धूळ व राख आहे (उत्पत्ती १८). नव्या करारात पात्म बेटावरचा योहान प्रभूला पाहून मेल्यासारखा त्याच्या पायाशी पडतो (प्रकटीकरण १:१७). मग जुनं आणि नवं अशी वाटणी कशी करणार?

माझं मत असं की शास्त्र ही दोन्ही एकाच माणसाकडून, एकाच वेळी मागतं. पण प्रार्थनेला गुडघे टेकल्यावर ते कसं साधतं? अनुभव सांगा, वचनं सांगा, मतभेद असतील तर तेही मोकळेपणाने मांडा.

रानमोगरा

चांगला धागा. वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

वसईचा_वारा

आम्ही कॅथोलिक. दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराच्या) तयारीत पवित्र आत्म्याची सात दानं पाठ करून घेतात, त्यांत परमेश्वराचं भय हे एक दान आहे. आधार यशयाच्या अकराव्या अध्यायाचा. तिथे इशायाच्या बुंध्याला फुटणाऱ्या धुमाऱ्याबद्दल, म्हणजे आमच्या श्रद्धेप्रमाणे ख्रिस्ताबद्दलच, म्हटलंय की परमेश्वराच्या भयात त्याला आनंद वाटेल. खुद्द पुत्राला ज्यात आनंद वाटतो, ते भय वाईट कसं असेल?

आणि मिस्सेत 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणण्याआधी धर्मगुरू जे म्हणतात त्याचा लॅटिनमधला अर्थ असा : प्रभूची आज्ञा आहे म्हणून हे म्हणण्याचं आम्ही धाडस करतो. देवाला बाप म्हणणं ही धाडसाची गोष्ट आहे, याची दर रविवारी आठवण होते. लहानपणी या ओळीकडे कधी लक्ष गेलं नाही. आता ती कानावर पडली की मी जरा सावरून उभा राहतो.

तर्कशुद्ध

मी श्रद्धावान नाही, पण बायबल वाचलेलं आहे. स्पष्ट विचारतो, राग मानू नका. "प्रीती करा, नाहीतर शिक्षा" हे सूत्र दोन्ही करारांत सारखंच आहे ना? प्रेषितांची कृत्ये, अध्याय ५. हनन्या आणि सप्पीरा जमिनीच्या पैशाबद्दल खोटं बोलले आणि दोघंही जागच्या जागी मेले. हा तर नवा करार. मग धैर्य कशाच्या जोरावर?

नगरी_पायवाट

@तर्कशुद्ध, राग कशाला? याच प्रश्नासाठी तर धागा काढलाय.

त्या गोष्टीच्या अलीकडची पानं वाचा. चौथ्या अध्यायात पेत्र आणि योहान न्यायसभेच्या धमक्या ऐकून परत येतात आणि सगळी मंडळी प्रार्थना करते. धमक्या थांबव, असं मागत नाहीत. तुझं वचन पूर्ण धैर्याने सांगण्याचं बळ दे, असं मागतात. लगेच पुढे हनन्याची गोष्ट. पेत्र त्याला सांगतो, जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच ताब्यात होते. म्हणजे कमी दिल्याबद्दल त्याला बोल लावलेला नाही. थोडं देऊन सगळं दिल्याचा आव आणला, ते खोटं पवित्र आत्म्याशी होतं. मग सगळ्या मंडळीला मोठं भय वाटलं (५:११), आणि तीनच ओव्यांनंतर लिहिलंय की विश्वास ठेवणारे पुरुष आणि स्त्रिया अधिकाधिक येऊन मिळत होत्या. नुसती दहशत असती तर लोक त्या दाराकडे फिरकले नसते.

दोघांच्या मृत्यूचं वाचून मलाही गलबलतं. ते सौम्य करून सांगावं असं मला वाटत नाही.

पाटी_पेन्सिल

मग उज्जाचं काय? २ शमुवेल ६. कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या असलेली पवित्र पेटी, गाडीवरून चालला होता, बैल अडखळले, बिचाऱ्याने सावरायला हात लावला आणि मेला. रविवारच्या शाळेत मुलं हमखास विचारतात, "टीचर, त्याने तर मदतच केली ना?" मुलांच्या तोंडावर काय उत्तर द्यायचं?

दौंड_जंक्शन

@पाटी_पेन्सिल ताई, मी मुलांना आधीची गोष्ट सांगतो. कोश कहाथी लेव्यांनी (मंदिरसेवेच्या वंशातल्या एका कुळाने) खांद्यावरून न्यायचा, त्याला हात लावायचा नाही, हे गणना या पुस्तकात आधीच बजावलेलं (४:१५, ७:९). नव्या गाडीवर कोश घालून पाठवला तो पलिष्ट्यांनी (१ शमुवेल ६). दावीदाने तीच रीत उचलली. इतकी वर्षं घरात ठेवलेल्या वस्तूचा धाक ओसरला होता.

पण माझं लक्ष जातं दावीदाकडे. त्या दिवशी त्याला आधी राग येतो, मग भीती वाटते. कोश माझ्याकडे कसा यावा, असं म्हणून तो ओबेद-अदोमाच्या घरी ठेवतो. तीन महिने तिथे राहतो. त्या घराला आशीर्वाद मिळाल्याचं कळतं, तेव्हा दावीद कोश आणायला पुन्हा जातो, आणि या खेपेला तागाचं एफोद (याजकांचं वस्त्र) नेसून सगळ्या शक्तीनिशी नाचतो. त्याची बायको मीखल खिडकीतून बघून नाक मुरडते, तरी थांबत नाही. उज्जाचा मृत्यू डोळ्यांदेखत झालेला असूनही तोच माणूस त्याच कोशापुढे नाचतो. भय गेलं म्हणून नाचला, असं मला वाटत नाही.

पाटी_पेन्सिल

हे छान सांगितलंत. पुढच्या रविवारी दोन्ही भाग एकत्रच घेते. मुलांना नाच आवडेल.

समुद्रफेस

इब्री ४:१६ वरच्या एका संदेशात ऐकलं होतं की महायाजक परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या पडद्याआडच्या सर्वांत आतल्या खोलीत, जाताना त्याच्या पायाला दोरी बांधत. आत मेला तर ओढून बाहेर काढता यावं म्हणून. त्या तुलनेत आपल्याला मिळालेलं धैर्य केवढं!

दौंड_जंक्शन

@समुद्रफेस, दोरीची गोष्ट व्यासपीठावरून फार सांगितली जाते, पण बायबलमध्ये कुठेही नाही. तिचा माग लागतो तो थेट मध्ययुगातल्या यहुदी लेखनात.

शास्त्रात जे आहे ते दोरीपेक्षा जास्त बोलकं आहे. लेवीय १६ उघडा. वर्षातून एकच दिवस. महायाजकाने आपली सोन्याची, जरीची भरजरी वस्त्रं त्या दिवशी उतरवायची आणि साधा तागाचा झगा घालून आत जायचं. हातात निखाऱ्यांचं धुपाटणं. धुपाचा ढग दयासनावर (कोशाच्या झाकणावर) पसरला पाहिजे, नाहीतर तो मरेल. त्याआधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा, मग लोकांसाठी बकरा. इब्रीचा लेखक हे सगळं वाचकाला ठाऊक आहे असं धरूनच म्हणतो, आता आपण जाऊ. कोणी एक जण नव्हे, वर्षातून एकदा नव्हे. त्या पडद्याआड काय होतं हे ज्याला माहीत नाही त्याला 'धैर्याने' या शब्दाचं वजन कळायचं नाही.

समुद्रफेस

पटलं. लेवीय मी नेहमी भराभर उलटत असे, आता नीट वाचतो.

याच संदर्भात एस्तेरही आठवते. बोलावल्याशिवाय राजाच्या आतल्या चौकात पाऊल टाकलं तर मरण, राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच जीव वाचणार. ती तीन दिवस उपास करून, "मी मेले तर मेले" म्हणून जाते. कृपेच्या राजासनाचं वेगळेपण हेच की आपण निघण्याआधीच बोलावणं आलेलं आहे.

विठूचा_शेजारी

मी वारकरी घरातला. आमच्याकडे जनाबाई विठ्ठलाला अरेतुरे करते, भांडते, दळायला हाताशी घेते. तुमच्याकडे देवाशी भांडण चालतं का? खरंच जाणून घ्यायचंय.

नगरी_पायवाट

@विठूचा_शेजारी, चालतं, आणि शास्त्रात छापून आलंय! स्तोत्र ४४ मध्ये भक्त देवाला सरळ म्हणतो, जागा हो, का झोपलास? यिर्मया म्हणतो, तू मला फसवलंस (२०:७). ईयोबाचं तर जवळजवळ सगळं पुस्तकच गाऱ्हाणं आहे. दोघांमध्ये मध्यस्थ नाही म्हणून तो कळवळतो (९:३३), आणि शेवटी शेवटी म्हणतो की सरदारासारखा मी त्याच्यापुढे जाईन (३१:३७).

आणि तुमच्या-आमच्या घरांमधला दुवा म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी ख्रिस्ताला आळवलं ते अभंगांतून, गुरुमाउली म्हणून. आम्हां नगरकडच्या लोकांना प्रभूशी जवळिकीने बोलायची सवय लागली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

विठूचा_शेजारी

वा! माउली म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

तर्कशुद्ध

मिटला कसा? माउली नरकात टाकत नाही.

काजवा

इतके दिवस नुसती वाचत असते, आज लिहावंसं वाटलं.

@तर्कशुद्ध, तुमचा प्रश्न मी जगलेय. लहानपणी आमच्या भागात एक प्रचारक यायचे, नाव घेत नाही. रात्रीच्या सभेत पेट्रोमॅक्सच्या उजेडात अग्निसरोवराचं इतकं बारकाईने वर्णन करायचे की घरी आल्यावर मी आईच्या लुगड्याचा पदर मनगटाला गुंडाळून झोपायची. प्रभू रात्री आला आणि आईला घेऊन गेला, मी मागे राहिले तर? झोप लागेपर्यंत "प्रभू मला क्षमा कर" एवढंच पुटपुटत राहायची. कशाची क्षमा, ते माहीत नसायचं. मोठी झाल्यावर कित्येक वर्षं प्रार्थनाच करवेना. देवाकडे पाठ फिरवली की निदान तो दिसत तरी नाही, असं काहीसं.

लूकचा बारावा अध्याय त्याच सभांमध्ये वाचला जायचा. पाचवी ओवी : जिवे मारल्यावर नरकात टाकण्याचा ज्याला अधिकार आहे त्याची भीती बाळगा. पुस्तक तिथे मिटायचं. पुढे नर्सिंगच्या वसतिगृहात एका मैत्रिणीने पुढच्या दोन ओव्या वाचून दाखवल्या. पाच चिमण्या दोन दमड्यांना विकतात ना? तरी त्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही. तुमच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत. भिऊ नका. 'भीती बाळगा' आणि 'भिऊ नका' लागोपाठ, त्याच तोंडून, त्याच माणसांना. येशू त्यांना "माझ्या मित्रांनो" म्हणून हाक मारून हे सांगत होता, हेही मला तेव्हाच कळलं. आमच्या सभेत आम्हांला कोणी मित्र म्हटलं नव्हतं.

नरकाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण अर्धी ओळ वाचून लेकरांना घाबरवणं हे पाप आहे, असं मी ठामपणे म्हणते.

रानमोगरा

काजवा ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. शेवटच्या ओळीला शंभर वेळा अनुमोदन.

हिशेबनीस

अवांतर : मत्तयमध्ये (१०:२९) एका दमडीला दोन चिमण्या. लूकमध्ये दोन दमड्यांना पाच. म्हणजे जास्त घेतल्या तर एक वर फुकट. त्या फुकटातल्या पाचव्या चिमणीचाही देवाला विसर पडत नाही!

दौंड_जंक्शन

@हिशेबनीस, आयडी सार्थ केलात :)

वसईचा_वारा

@काजवा, पदर मनगटाला गुंडाळण्याचं वाचून थांबलोच.

संत ऑगस्टीनने योहानाच्या पहिल्या पत्रावर प्रवचनं केली आहेत. "पूर्ण प्रीती भीती घालवून देते" (४:१८) या ओवीपाशी तो सुईदोऱ्याचं उदाहरण देतो. शिवताना सुई आधी शिरते, तिच्यामागून दोरा. पण सुई बाहेर निघाली नाही तर दोरा पुढे जाणार कसा? भय ही सुई, प्रीती हा दोरा. तुमच्या त्या प्रचारकाने सुई तशीच आत रुतवून ठेवली.

ऑगस्टीन पुढे दुसरंही भय सांगतो. नवरा येऊन आपल्याला पकडेल म्हणून धास्तावलेली व्यभिचारिणी, आणि नवरा आपल्याला सोडून जाईल या विचाराने कासावीस होणारी पतिव्रता. भीती दोघींनाही आहे. एकीला तो यायला नकोय, दुसरीला तो जायला नकोय. योहान घालवतो ती पहिली. दुसरी राहते.

पाटी_पेन्सिल

याला जोडून मत्तय २५, धनी परदेशी जाताना चाकरांकडे पैसे सोपवतो तो दाखला. तिसऱ्या चाकराला धन्याने एक तालंत दिला. तो थोडाथोडका नव्हे, सुमारे ६,००० दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. अर्ध्या आयुष्याची कमाई विश्वासाने हाती दिली. आणि हा म्हणतो काय? तुम्ही कठोर माणूस, पेरलं नाही तिथे कापता, म्हणून मी भ्यालो आणि पैसे जमिनीत पुरले. बाकी दोघं त्याच धन्याचे चाकर, पण ते त्या पैशाने व्यापार करून दुप्पट घेऊन येतात. घाबरलेल्याच्या मनात धन्याचं जे चित्र होतं, त्यावरून त्याने खड्डा खणला.

बायबलमध्ये भीतीचा पहिला उल्लेखही असाच आहे. एदेन बागेत आदाम म्हणतो, तुझा आवाज ऐकला, भ्यालो आणि लपलो (उत्पत्ती ३:१०).

रोमन_घंटा

प्रॉटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या ल्यूथरचं नाव कसं आलं नाही अजून? १५०७ मध्ये पहिली मिस्सा अर्पण करताना तो इतका थरथरला की वेदीपासून पळून जावंसं वाटलं. पुढे कृपेचा शोध लागला म्हणून त्याने भय टाकून दिलं का? १५२९ च्या त्याच्या लहान प्रश्नोत्तरावलीत जवळपास प्रत्येक आज्ञेचा अर्थ एकाच वाक्याने सुरू होतो : आपण देवाचं भय धरावं आणि त्याच्यावर प्रीती करावी. धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याने मुलांना पाठ करायला दिलं होतं.

तर्कशुद्ध

सुईदोऱ्याचं आवडलं, प्रामाणिकपणे सांगतो. पण हे सगळे व्याख्याकार झाले. गोष्टींमध्ये दाखवा. शास्त्रातला एक माणूस दाखवा, जो देवाला घाबरतो आणि तरीही त्याच क्षणी धीटपणे जवळ जातो. दावीदाला मध्ये तीन महिने लागले.

काजवा

मार्क ५. रक्तस्रावी स्त्री.

बारा वर्षं आजारी. पुष्कळ वैद्य झाले, जवळचं सगळं संपलं, गुण नाही, उलट जास्तच. मी नर्स आहे, अशा बाया पाहिल्यात. पिशवीत जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो आणि नवीन डॉक्टरला तो दाखवतानाही त्यांना लाज वाटते. ही गर्दीत मागून येते आणि वस्त्राला शिवते. बरीही होते. खरं तर तिथून निसटता आलं असतं. पण येशू वळून विचारतो, मला कोण शिवलं? शिष्य म्हणतात, एवढी गर्दी रेटतेय आणि तू हे काय विचारतोस? मग ती भीत भीत, कापत कापत पुढे येते, पाया पडते आणि सगळं खरं खरं सांगते. तो तिला "मुली" म्हणतो.

मागून शिवली तेव्हा धीट होती. समोर आली तेव्हा कापत होती, आणि समोर येणं जास्त धीटपणाचं होतं.

तर्कशुद्ध

पण ती देवाला घाबरत होती की लोकांना? लेवीय १५:२५ प्रमाणे ती अशुद्ध. एका गुरूला शिवली. चारचौघांत शोभा होईल, ही भीती असू शकते.

दौंड_जंक्शन

तीही असेल. पण मार्क आधी काय सांगत आलाय ते बघा. चौथ्या अध्यायाच्या शेवटी तारवात वादळ. येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला. वादळ शमल्यावर तरी शिष्यांची भीती जायला हवी, पण ते तेव्हा अतिशय घाबरले, असं लिहिलंय : वारा आणि समुद्रही ज्याचं ऐकतात असा हा आहे तरी कोण? पलीकडच्या काठावर भूत लागलेला माणूस वस्त्र नेसून शुद्धीवर बसलेला पाहून गावकरी घाबरतात आणि येशूला विनवतात, आमच्या हद्दीतून जा. मग ही बाई. तिच्या अंगात काय झालंय ते तिला कळलंय आणि म्हणून ती कापतेय, असं मार्क स्वतः म्हणतो (५:३३). म्हणजे गर्दीपेक्षा, घडलेल्या सामर्थ्याची भीती. आणि ज्याच्या आजारी मुलीसाठी येशू निघाला होता, त्या याईराच्या घरून लगेच निरोप येतो, मुलगी वारली. येशू त्याला म्हणतो, भिऊ नकोस, विश्वास मात्र धर.

गावकरी आणि ही बाई, दोघांनी त्याचं सामर्थ्य पाहिलं, दोघं घाबरले. त्यांनी त्याला जा म्हटलं, ती त्याच्या पायाशी आली.

नगरी_पायवाट

@दौंड_जंक्शन, @काजवा, मला हवं होतं ते हेच. भीती किती, हे मोजत बसण्यापेक्षा ती माणसाला कोणत्या दिशेला नेते ते बघावं. सीनाय पर्वतापाशीही मोशे एकाच ओवीत म्हणतो, भिऊ नका. तुम्ही पाप करू नये म्हणून त्याचं भय तुमच्यापुढे राहावं (निर्गम २०:२०). पण लोक दूर उभे राहिले आणि मोशे त्या निबिड अंधाराजवळ गेला.

आणि स्तोत्र १३०. माझ्या मते सगळ्या बायबलमधली ही सर्वांत अनपेक्षित ओळ : तुझ्या ठायी क्षमा आहे, ती यासाठी की लोकांनी तुझं भय धरावं. शिक्षा आहे म्हणून भय, असं नाही म्हटलेलं. क्षमा आहे म्हणून! कोणी एवढी मोठी क्षमा केली की त्याच्यापुढे पाय जड होतात, हे माझ्या वडिलांच्या बाबतीत मी अनुभवलंय.

तर्कशुद्ध

स्तोत्र १३० ची ओळ माहीत नव्हती. मार्कचे दोन अध्याय आज रात्री सलग वाचतो. माझं मत बदललं असं नाही, हनन्याबद्दलचा प्रश्न माझ्यापुरता अजून उभा आहे.

नगरी_पायवाट

उभा राहू द्या. माझ्यापुढेही आहे.

हिशेबनीस

फिलिप्पै २:१२ राहिलं की! "भीत व कापत आपले तारण साधून घ्या."

काजवा

तेरावी ओवी पण वाचा हो. इच्छा करणं आणि कृती करणं, दोन्ही तुमच्यात घडवून आणणारा तो देव आहे. अर्धी ओळ वाचून थांबू देणार नाही मी कोणाला.

पाटी_पेन्सिल

काजवा ताई, आमच्या रविवारच्या शाळेत एकदा या. दावीदाचा नाच झाला की मुलांना या बाईची गोष्ट तुमच्याकडूनच ऐकवायची आहे.

काजवा

येते. व्यक्तिगत निरोप करा.